मेहरुन्निसाची जागा

"सर, त्या मेहरुन्निसाबाई येऊन गेल्या," फकिरा म्हणाला, तेव्हा मी मराठी विभागाच्या दारात उभा राहून चष्मा पुसत होतो. फकिरा आमचा शिपाई. बावीस वर्षं विभागाच्या किल्ल्या त्याच्याकडं. खोटं बोलायचा त्याला कंटाळा आहे, आणि थट्टा करायची असली तर तो आधी स्वतःच हसून घेतो. तो हसत नव्हता. मी विचारलं, "कोण मेहरुन्निसा?" तर माझ्याकडं जरा चमत्कारिक बघून म्हणाला, "आता तुमच्याच की. दरसाली भाषनात सांगता त्या. साडेनवाला आल्या. अर्धा-पाऊन तास बसल्या, लई वाट बघितली, सही केली अन् आत्ता गेल्या. तुमच्या म्होरं धा मिनिटं झाली नसतील. अन् सर, आनखी एक, त्यांनी—" "नंतर सांग," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. फकिरा पाण्याचा तांब्या भरायला गेला. मी खुर्चीत बसलो. मेहरुन्निसा नावाची विद्यार्थिनी आमच्या विभागात कधीच नव्हती. ती मी बनवलेली होती.

त्या दिवशी अकरा वाजता माझं शेवटचं भाषण होतं. महिनाअखेर मी निवृत्त होणार होतो. दर जूनमध्ये आमच्याकडं बारावी झालेल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना बोलावून 'भाषा शिकून पुढं काय?' असं एक भाषण होतं, आणि एकोणीसशे शहात्तर सालापासून ते मीच करत आलो. यंदा जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं होतं, त्यांच्या सह्यांसाठी विभागात माझ्या टेबलावर एक वही ठेवली होती. आणि यंदा मी खरं बोलणार होतो. नऊ वाजल्यापासून शहागंजात चहाच्या गाड्याशी उभा राहून मी एकच वाक्य घोकत होतो: मेहरुन्निसा नावाचं कोणी नाही. तीन चहा झाले. चहावाल्यानं शेवटी विचारलंच, "सर, कुछ भूल गये क्या?" वाक्य साधं होतं. बावीस वर्षांत ते तोंडातून बाहेर आलं नव्हतं एवढंच.

शहात्तर साली मी नवा होतो आणि मला वाटायचं, भाषा शिकवणं ही फार मोठी गोष्ट आहे. सभागृहात चाळीस-पन्नास माणसं. मी भाषेनं माणूस कसा घडतो वगैरे बोलत होतो. मधूनच एक माणूस उठला. हिमरू विणणारा करीम. नवाबपुऱ्यात त्याचा माग होता. दहाही बोटं जपून वापरायची सवय असलेला माणूस, हात पुढं बांधून उभा राहिला. शेजारी त्याची पोरगी, जमिला. तो म्हणाला, "सर, हिमरू तो गया हमारा. कोई पूछता नई. पोरगी म्हनती मराठी पढूंगी. भाई लोग म्हनतात नर्सचं शिकव. पढके क्या होता, बोलो ना. कोन झालंय आजपर्यंत? एक नाव सांगा." मी आठवू लागलो. आमचे विद्यार्थी मास्तर झाले होते, तलाठी झाले होते, एकजण फुलंब्रीला खतांचं दुकान चालवत होता. नाटकात, रेडिओवर, भाषांतरात, असं एकही नाव मला आठवेना. पोरगी माझ्याकडं बघत होती. आणि मी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकाकडं बोट करून म्हणालो, "तिथं बसायची. मेहरुन्निसा. तुमच्यासारख्याच घरातली." बापाला पटावं म्हणून मी नाव मुसलमानाचं सांगितलं, असं मला पुढं बरीच वर्षं वाटत होतं. मी बोलत गेलो. आधी मोहल्ल्यातल्या बायांची पत्रं वाचून दाखवायची. मग खुलताबादच्या उरुसात लाउडस्पीकरवर बोलायला लागली, तिथं कुणीतरी आवाज ऐकला, आकाशवाणीच्या नाटकात घेतलं, आता मुंबईला आहे, नाटकं इकडची तिकडं करते, उर्दूची मराठीत, मराठीची उर्दूत, आणि स्वतः कामही करते. करीमनं मान हलवली. जमिलानं प्रवेशाचा अर्ज तिथंच भरला. मला इतकं बरं वाटलं, की आपण खोटं बोललो आहोत हे संध्याकाळपर्यंत ध्यानातसुद्धा आलं नाही.

मग ते वाढत गेलं. दरसाल तिला मी काहीतरी नवं द्यायचो. एका वर्षी बक्षीस, एका वर्षी दिल्लीचा दौरा. एकदा बोलता बोलता तिच्या घशाचं दुखणं सांगितलं आणि पुढच्या वर्षी लोकांनी विचारल्यामुळं तिला बरं करावं लागलं. त्या बाकावर कुणी बसेना. कुणी मनाई केली नव्हती, पण तोंडी परीक्षेला जाण्यापूर्वी पोरं त्या बाकाला हात लावून जायला लागली. मी बघायचो आणि काही बोलायचो नाही. गेल्या वर्षी मूल्यांकन समितीनं यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी मागितली, तेव्हा पहिलं नाव फकिरानंच आठवून दिलं. ते छापलं गेलं, वर्तमानपत्रातही आलं. उर्दू विभागाचे युसूफसाहेब माझे जुने मित्र, मिश्कील माणूस. एकदा जिन्यात भेटून म्हणाले, "काल मुंबई केंद्रावर तुमच्या पोरीचं नाटक ऐकलं. क्या आवाज है!" मी हसलो. त्यांना खरं ठाऊक आहे आणि ते माझी फिरकी घेताहेत असं मला वाटलं. पण वर जाईपर्यंत जिन्याचा कठडा मी घट्ट धरून ठेवला होता. आणि जमिला? तिनं तीन वर्षं माझ्याकडं काढली. चांगली होती. मग मुंबईला मावशीकडं गेली असं कानावर आलं, त्यापुढं काही नाही. मी विचारलंही नाही. एकदा गुलमंडीवर समोरून करीम येताना दिसला, थकलेला, माग विकल्यानंतरचा, तर मी चटकन रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. पोरीला आपण नसलेल्या वाटेवर पाठवलं आणि बापाला तोंड दाखवत नाही, याची मला लाज वाटली. ती लाज पुढं जुनी झाली, पण गेली नाही. यंदा भाषणात खरं सांगायचं ठरवलं ते त्यासाठी. आणखी एखादा करीम उठायच्या आत.

वही टेबलावरच होती. उघडली. पहिल्याच ओळीत सही, उर्दूत. मराठी विभागाच्या वहीत उर्दूत सही कोण करतं? अक्षर मोठं, लहान मुलाचं असावं तसं, आणि दाब एवढा की कागद फाटून खालच्या पानावर, त्याच्या खालच्या पानावर वळ उठले होते. मी बोट फिरवलं. चौथ्या पानापर्यंत नाव हाताला लागत होतं. फकिरा तांब्या ठेवायला आला, त्याला विचारलं, "वय काय असेल रे बाईचं?" तो विचारात पडला. "आता काय सांगू सर. कवा वाटं चाळिशीच्या असतील, कवा वाटं तुमच्याएवढ्या. खिडकीच्या अंगाला बसल्या व्हत्या, उजेड मागून येत व्हता. तोंड नीट दिसलंच नाय." "खिडकीच्या?" "व्हय. सभागृहात, तिसऱ्या बाकावर. मी म्हनलं बाई, तिथं कुनी बसत नाय. तर म्हनल्या, ठावं हाय." फकिरा पुन्हा काही सांगणार होता, पण मी हात वर केला आणि तो गेला. तेव्हाच उठायला हवं होतं. कॉलेजच्या फाटकापासून रिक्षाच्या थांब्यापर्यंत दहा मिनिटांत कितीशी लांब जाते बाई? पण मी बसून राहिलो. मी मनाला समजावलं की कुणीतरी चेष्टा केली आहे, आणि त्याचवेळी माझं बोट पुन्हा पुन्हा त्या वळावरून फिरत होतं, कारण हा दाब मला ओळखीचा होता.

तिची पेन्सिल सारखी मोडायची. मी दहा वर्षांचा, ती तेवढीच. आमच्या गावची शाळा तेव्हा उर्दूत, निजामाचं राज्य, आणि तिचे अब्बा आमचे मास्तर. गावात शिकणारी मुलगी ती एकटी, म्हणून तिला वेगळं, खिडकीपाशी बसवायचे. घरात आम्ही मराठी, शाळेत उर्दू, आणि मी दोन्हीकडं ढ. मास्तरांनी वाचायला उठवलं की माझी बोबडी वळायची. मग खिडकीतून पुटपुटणं यायचं, एकेक शब्द, आणि मी तो मोठ्यानं म्हणायचो. तिच्या तोंडानं मी वाचायला शिकलो. पाटीच्या लाकडी चौकटीवर तिनं खिळ्यानं उर्दूत आपलं नाव कोरलं होतं, मेहरुन्निसा, पुसता येणार नाही असं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. मोठी माणसं कुजबुजायला लागली, शाळा बंद पडली, आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मास्तरांचं घर उघडं होतं. चूल गरम होती म्हणे. ती माणसं गेली की त्यांना नेलं, की काय झालं, हे कुणी बोललं नाही, आजतागायत नाही. दुपारपर्यंत गाव त्या घरात शिरला. माझ्या वडिलांनी तांब्याचा हंडा आणला. चुलत्यांनी दाराच्या कड्या काढून आणल्या. मी पाटी आणली. चोरी म्हणून नव्हे. परत आली की देऊ, असं मनाशी म्हणत आणली. पण परत द्यायला म्हणून आणलेली वस्तू मी पन्नास वर्षं कुणाला दाखवली नाही. घरात ठेववेना म्हणून नोकरी लागल्यावर विभागाच्या कपाटात ठेवली, खालच्या फळीवर, परीक्षेच्या जुन्या गठ्ठ्यांमागं. त्या पाटीच्या जोरावर मी एम. ए. झालो, दखनीवर प्रबंध लिहिला, दोन भाषांचा माणूस म्हणून नावारूपाला आलो. भाषा शिकून काय होतं असं करीमनं विचारलं आणि माझ्या तोंडात ते नाव आलं, ते त्याला पटावं म्हणून आलं नव्हतं. मला माहीत असलेलं ते पहिलंच नाव होतं.

"चला, नवरदेव," युसूफसाहेब दारात उभे राहून म्हणाले, "लोक आलेत." सभागृहापर्यंत ते काहीबाही बोलत होते, मी हं हं करत होतो. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत पागोटी, टोप्या, बुरखे, वाळूजच्या कारखान्याचा निळा शर्ट घालून रात्रपाळी करून तसाच आलेला एक बाप, पेंगत. सगळे बाक भरलेले, आणि खिडकीजवळचा तिसरा रिकामा. त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवून मी त्याच्याकडंच बघत होतो. त्यावर धूळ नव्हती. बाकीच्या बाकांवर बसलेल्या माणसांच्या बाह्यांना धूळ लागलेली दिसत होती, आणि ज्यावर कुणी बसत नाही तो बाक स्वच्छ. मी बोलायला सुरुवात केली. म्हणालो, "गेली बावीस वर्षं मी इथं उभा राहून तुम्हाला एका मुलीचं नाव सांगत आलो. आज मला सांगायचंय, की मेहरुन्निसा नावाचं..." आणि घसा बंद झाला. अगदी तसाच, शाळेत व्हायचा तसा. शब्द समोर दिसतोय आणि तोंड हलत नाही. आणि मी वाट बघू लागलो. साठीचा माणूस, शंभर लोकांसमोर, खिडकीतून पुटपुटणं येईल म्हणून कान देऊन उभा राहिलो. फकिरा पाणी घेऊन धावला. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "आहे, सर. हजर आहे."

तो आवाज मोठा नव्हता, पण सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचला. चाळिशीची बाई, खांद्यावर प्रवासाची पिशवी, धापा टाकत मधल्या वाटेनं पुढं आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. युसूफसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. रेडिओवरचा आवाज त्यांनी ओळखला. मी तिचे हात बघितले, पुढं बांधलेले. करीमचेच. "मी जमिला," ती लोकांना म्हणाली, "नाटकात, रेडिओवर मेहरुन्निसा. चुलत्यांना कळायला नको म्हणून दुसरं नाव पाहिजे होतं, आणि हे नाव मला मोकळं सापडलं. सरांनी सांगितली ती बाई मी मुंबईत दोन वर्षं शोधली. सर सांगायचे तशी एकेक जागा. रेडिओवर गेले, नाटकवाल्यांकडं गेले, भाषांतरं छापतात तिथं गेले. सगळीकडं एकच विचारायची, मेहरुन्निसाबाई आहेत का? सगळे म्हणायचे, अशी कुणी नाही. पण एका ठिकाणी साहेबांनी थांबवलं. म्हणाले, अशी कुणी असेल तर आम्हालाच पाहिजे. तुला वाचता येतं का? आणि एक पान दिलं." ती माझ्याकडं बघून हसली. "डिग्री कुणी विचारली नाही. पण सरांनी आम्हाला तीन वर्षं एकच परिच्छेद वाचायला लावला होता. एकदा म्हाताऱ्यासारखा. एकदा रुसलेल्या सुनेसारखा. एकदा मराठी न येणाऱ्या माणसासारखा. आणि शेवटी कुणासारखाच नाही. ते शेवटचं कुणाला जमत नव्हतं. ते मी त्या दिवशी वाचलं. एवढंच झालं बघा." निळ्या शर्टाचा बाप जागा झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

विभागात चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला ते आधीच ठाऊक होतं. "दुसऱ्याच वर्षी समजलं, सर. राग आला. लई आला. गिरगावात फूटपाथवर बसून रडले मी. मग वाटलं, आता परत जाऊन अब्बांना काय सांगू, ती बाई नाहीये? त्यापेक्षा ती झालेलं सोपं." अब्बांनी मरायच्या आधी तिचं एक नाटक रेडिओवर ऐकलं होतं. मी म्हणालो, "माझ्यावरचं ओझं उतरवलंस बाई. सकाळी फकिरानं सांगितलं, सहीची वही बघितली, तेव्हा माझं धाबं दणाणलं होतं. म्हटलं कोण आलं, कोण बाकावर बसून गेलं." जमिलानं कप खाली ठेवला. "मी सकाळी नव्हते आले, सर. आमची गाडी नगरच्या पुढं बंद पडली. दुसऱ्या गाडीनं कशीबशी आले आणि तशीच सभागृहात शिरले. वही मी आत्ता बघते आहे." तिनं ती ओढून घेतली, पहिली सही वाचली, कागदाच्या फाटलेल्या कडेवर बोट ठेवलं. आणि मग हळूच म्हणाली, "हे माझं अक्षर नाही. मी सही मराठीत करते."

ती गेल्यावर मी फकिराला हाक मारली. एक वाजून गेला होता. "सकाळी काय सांगत होतास?" तो कानकोंडा झाला. "तुमी रागावला म्हनून ऱ्हायलं, सर. त्या बाई म्हनल्या, कपाटात खालच्या फळीला, गठ्ठ्यांमागं माझी पाटी हाय, तेवढी दे. मी म्हनलं इथं कसली पाटी. तर बघितलं तर व्हती. मला कुठं उर्दू येतंय? त्यांनी चौकटीवर बोट ठिवून वाचून दाखवलं. नाव त्यांचंच व्हतं, म्हनून दिली. चुकलं का काय, सर?" मी नाही म्हणून मान हलवली. कपाट उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. गठ्ठ्यांमागं धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. "काही निरोप?" "निरोप नाय. फकस्त इचारलं, सर कवा येतात. म्या म्हनलं, येतील आत्ता, साडेनवाच्या आत येनारा मानूस हाय. आज कसा उशीर झाला कुनास ठावं. तर म्हनल्या, मी थांबते." फकिरा किल्ल्या घेऊन गेला. मी सभागृहात आलो. ते रिकामं झालं होतं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मी बसलो. तिथून फाटक दिसत होतं, फाटकाबाहेरचा रस्ताही दिसत होता, शहागंजाकडं जाणारा. साडेनऊ ते सव्वादहा ती इथं बसून त्या रस्त्याकडं बघत होती, आणि तेवढा वेळ मी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चहाच्या गाड्याशी उभा राहून, मेहरुन्निसा नावाचं कोणी नाही, हे वाक्य पाठ करत होतो.